मायच्या ताटीवरचे टेकोडे

बी. एस्सी. होऊन मी गावी परतलो तो टेकोडे गोळा करायला. आमच्या झाडीपट्टीत आळंबीला टेकोडे म्हणतात. त्यातल्या वारुळावर उगवतात त्या सात्या, आणि त्यांचा रस्सा असा होतो की मटणाची आठवण येऊ नये. पण टेकोडे वेचणं हे बायकांचं काम. उजाडताच टोपल्या घेऊन निघायचं आणि दुपारच्या आत परत यायचं. त्यामुळे नागभीडला गाडीतून उतरून, डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन मी गावात शिरलो आणि कशासाठी आलो ते सांगितलं, तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांना हसू आवरेना.

"एवढे बुकं वाचून टेकोडे वेचाले आला का गा?" एकानं विचारलं.

"सरकारी काम आहे," मी म्हणालो. ते सरकारी नव्हतं, पण एवढं म्हटल्यावर ते गप्प बसतील असं वाटलं. ते काही गप्प बसले नाहीत.

विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढचा तो पावसाळा. आम्ही जातीनं ढीवर. गावच्या तलावातले मासे धरायचे, त्यातले काही ओले विकायचे, उरलेले वाळवून नागभीडच्या बाजारात न्यायचे, हा घरचा धंदा. वडील गेल्यापासून तो सगळा मायच्या अंगावर होता. मी नागपुरात शिकत होतो, तेही तिच्याच जिवावर. परीक्षेचा निकाल लागला त्या आठवड्यात आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी मला बोलावून घेतलं. सर बुटके, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायची सवय.

"पेनिसिलिन कशातून निघालं?" त्यांनी विचारलं.

"बुरशीतून."

"आळंबी कोण?"

"बुरशीच, सर. मोठी जात."

"मग एक बुरशी जखमेतले जंतू मारू शकते, तर दुसरी कॅन्सरच्या गाठीला अडवू शकणार नाही, हे कोणी ठरवलं? कोणी ठरवलेलं नाही. कारण कोणी बघितलेलंच नाही." मग ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "मुंबईत एक प्रयोगशाळा आहे. तिथं उंदरांच्या अंगात गाठ वाढवतात आणि निरनिराळ्या वनस्पतींचे अर्क टोचून बघतात. मी त्यांना लिहिलं, की आमच्या चांदा जिल्ह्याच्या जंगलातल्या आळंब्या तपासून बघा. ते हो म्हणाले. तुझ्या गावच्या जंगलात किती जातींचे टेकोडे उगवतात?"

"ठाऊक नाही, सर."

"मग जा आणि मोजून ये."

मी लगेच हो म्हटलं, त्याला एक कारण होतं. ते मी सरांना सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या गालात आतून एक फोड आला होता. मायनं झाडावरच्या आळंबीची एक कडक, खापरासारखी छत्री आणून ती सहाणेवर पाण्यात उगाळली आणि बोटानं लावली. आमच्याकडे लहान पोरांचं तोंड आलं की हेच लावतात, आणि पोरांना बरं वाटतं. वडिलांना वाटलं नाही. फोडाची जखम झाली, जखमेची गाठ. मी त्यांना नागपूरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. चैत्रात वडील गेले. त्या दिवसापासून कॅन्सर हा शब्द कुठंही छापलेला दिसला की मी तो मजकूर शेवटपर्यंत वाचत असे.

पेटीत टीपकागद होते, चिठ्ठ्या होत्या, सरांनी दिलेलं भिंग आणि एक थर्मामीटर होता. कामाला सुरुवात झाली. मी पुस्तकात दिल्याप्रमाणे एकेक छत्री काढायचो, टीपकागदात ठेवायचो, दिवसाला दोनदा कागद बदलायचो, ऊन पडलं की ओसरीच्या कडेला मांडायचो. पण ऊन पडतच नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्यानं आमच्याकडचा श्रावण पाहिलेला नसावा. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नव्हता. टीपकागदच ओले. तरी मला वाटलं, साधारण सुकलं आहे, आणि मी वीस-पंचवीस पुड्या बांधून खोक्यात भरून मुंबईला रवाना केल्या.

पंधरा दिवसांनी सरांचं पत्र आलं. आत मुंबईच्या चिठ्ठीची नक्कल होती. पुड्यांमधला सगळा माल कुजलेला निघाला. त्यावर दुसरीच बुरशी चढली होती, आणि उघडताना वास इतका आला की खोकं इमारतीबाहेर नेऊन जाळावं लागलं. खाली सरांच्या अक्षरात दोनच ओळी होत्या. आणखी एकदा पाठवायची परवानगी त्यांनी मागून घेतली आहे. तोही माल असाच गेला, तर हे काम बंद होईल.

मी ओसरीवर बसून राहिलेले टेकोडे एकेक करून उकिरड्याकडे फेकत होतो. माय तलावावरून आली. पाण्यानं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात जाळं. तिनं थोडा वेळ बघितलं.

"काऊन फेकून राह्यला?"

"सडले."

"सडतीनच. ओल्या कागदात गुंडाळून ठेवते का कोनी?"

"पुस्तकात तसंच दिलंय, माय."

तिनं जाळं खुंटीला टांगलं. "माहे मासे काऊन नाई सडत? याच पान्यात, याच घरात वाळतात न?"

मी वर बघितलं. चुलीच्या वर, छपराच्या खाली, बांबूच्या कामट्यांची जाळीदार ताटी टांगलेली होती. जन्मापासून मी ती बघत होतो. तिच्यावर मासे ओळीनं पसरलेले असत. आमच्या घराला, कपड्यांना, माझ्या कॉलेजच्या वह्यांनासुद्धा तिचा वास होता आणि नागपूरच्या वसतिगृहात मला त्याची लाज वाटायची. इतकं शिकून ती ताटी मला दिसली नव्हती.

पण मला दोन शंका होत्या आणि त्या मी बोलून दाखवल्या. एक म्हणजे धूर. धुरातली द्रव्यं टेकोड्यांत शिरली तर मुंबईवाल्यांना कळायचं नाही की गुण कशाचा. दुसरी म्हणजे उष्णता. जास्त तापलं तर आतलं जे काही औषधी असेल ते मरून जाईल.

माय चुलीपाशी उकिडवी बसली आणि तिनं नीट ऐकून घेतलं. हे मला आजही आठवतं, कारण तिनं त्यातलं काहीही हसण्यावारी नेलं नाही.

"धूर नाई पाह्यजे तं लाकूड नाई पाह्यजे," ती म्हणाली. "मोहाचे निखारे करू. पुरे लाल झाले का वरून राख टाकू. धूर नाई येत, ऊब येते. आन् किती तापलं ते हातानं समजते."

"हातानं कसं?"

"ताटीवर हात ठेवाचा. वीस डाव राम म्हनता आला पाह्यजे. त्याच्या आंदी हात उचलला तं विस्तव जास्त झाला."

आम्ही मागच्या पडवीत नवी ताटी बांधली. खाली खड्डा, खड्ड्यात मोहाचे निखारे, वर राखेचा थर. माय हात ठेवून राम म्हणत होती आणि मी त्याच जागी थर्मामीटर धरला होता. पारा चव्वेचाळीसवर थांबला. मी राख उकरून निखारे उघडे केले तेव्हा तो चढायला लागला, आणि मायनं सातव्या रामाला हात उचलला. पुन्हा राख टाकली, पुन्हा वीस राम झाले, पुन्हा चव्वेचाळीस-पंचेचाळीस. मी दिवसभर तिचा हात आणि सरांचा पारा ताडून पाहिला. एकदाही दोघांत भांडण झालं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेकोडे बोटांत धरून मोडले तर पापडासारखे कडकन मोडत होते. माय म्हणाली, आता हवा लागू द्यायची नाही. तिनं बियाणं ठेवायची रीत वापरली. पत्र्याच्या डब्यात तळाला भाजलेले तांदूळ, त्यावर कापड, त्यावर टेकोडे, आणि झाकणाच्या फटीला मधाच्या पोळ्याचं मेण. भाजलेले तांदूळ ओल पिऊन घेतात, हे मला प्रयोगशाळेत दुसऱ्या नावानं शिकवलं होतं.

मग माय स्वतःच माझ्याबरोबर जंगलात यायला लागली. तिच्यामुळे आणखी पाच-सहा बायका आल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर माझं भिंग म्हणजे खेळणं होतं. मी एका दिवसात जेवढ्या जाती शोधत होतो तेवढ्या त्या घटकाभरात दाखवायच्या. येनाच्या बुंध्यावरची, कुजलेल्या बांबूच्या पेरावरची, वारुळाची, शेणावरची, सागाच्या पाचोळ्यातली. येन म्हणजे तुमचा ऐन. प्रत्येक छत्रीबरोबर ज्या झाडावर ती होती त्याचं एक पान दोऱ्यानं बांधायचं, असं मायनंच ठरवलं. कुणालाच लिहिता येत नव्हतं, पण पान कधी चुकलं नाही.

"खायच्याच नकोत फक्त," मी सांगितलं होतं. "विषारी, निकामी, सगळ्या पाहिजेत."

"निकामीही?" एक बाई म्हणाली. "मंग तं टोपल्या पुरत नाई."

एका दुपारी मी डबे भरत होतो. येनावरच्या दोन खापरासारख्या छत्र्या माझ्यासमोर होत्या. दोन्ही तपकिरी, दोन्ही लाकडासारख्या कडक, दोन्हींच्या कडेला पिवळसर पट्टा. मी त्या एकाच डब्यात टाकल्या. मायनं एक बाहेर काढली.

"हे येगळी आहे."

"एकच जात आहे, माय. भिंगातून पाहिलं मी."

"भिंगातून पाह्य नाईतर दुर्बिनीतून पाह्य. हे पोराच्या तोंडाले लावाची आहे, आन् हे फेकाची. एका डब्यात टाकू नोको."

मला डब्यांची टंचाई होती. वाद घालायचा कंटाळाही आला होता. मी म्हटलं जाऊ दे, आणि एकीला बाविसावा डबा दिला, दुसरीला तेविसावा. वहीत तेविसाव्यापुढं लिहिलं: 'येनाचा मेलेला बुंधा. बावीससारखीच. माय म्हणते निकामी.'

डबे पेटीत भरून बैलगाडीतून नागभीडला नेले. छोट्या रेल्वेनं नागपूरला जाताना माय बरोबर आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पण हमाल पेटी आपटतो, झाकणाचं मेण फुटतं, असं तिचं म्हणणं. सारा प्रवास तिनं पेटी मांडीवर धरली. स्टेशनवर सर उभे होते. त्यांनी एक डबा उघडला, आतला टेकोडा मोडून पाहिला, वास घेतला, आणि चष्मा काढून पुसला. "हे कसं केलंत?" त्यांनी मला विचारलं. मी मायकडे बोट दाखवलं. सरांनी तिला नमस्कार केला. तिनं पदर सारखा करून मान हलवली आणि लगेच परतीच्या गाडीची चौकशी केली, कारण घरी जाळं वाळत पडलं होतं.

मग वाट बघणं. गावात धान कापणीला आलं, कापून झालं, मळणी झाली. पारावरचे म्हातारे दर चार दिवसांनी विचारत, "का गा, आलं का सरकारचं उत्तर?" आणि मी नाही म्हटलं की एकमेकांकडे बघून तंबाखू मळत. मला नोकरीसाठी अर्ज करायला हवे होते. मी ते करत नव्हतो.

पौषात एका सकाळी पत्र आलं. पोस्टमन सायकल हातात धरून दारात उभा होता आणि मी तिथंच फोडलं. सरांचं होतं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की सगळे डबे सुस्थितीत पोहोचले, एकही नमुना खराब निघाला नाही, आणि मुंबईवाले विचारतात की पावसाळ्यात इतका कोरडा माल तुम्ही कोणत्या यंत्रानं तयार केलात. त्याखाली दुसरी बातमी होती. बहुतेक डब्यांच्या अर्कांनी काहीच झालं नाही. तेविसाव्या डब्याच्या अर्कानं झालं. ज्या उंदरांना तो अर्क दिला त्यांच्या गाठी, न दिलेल्या उंदरांच्या मानानं, स्पष्ट दिसेल इतक्या लहान राहिल्या. बाविसाव्या डब्याचा परिणाम शून्य. आता त्यांना पुन्हा करून बघायचं आहे. तेविसाव्याचा वाळलेला माल पाच शेर पाहिजे, शुद्ध, दुसरं काही मिसळलेलं नको.

मी घरात गेलो. माय भाकर थापत होती. मी तिला सगळं वाचून दाखवलं, मग तिच्या बोलीत सांगितलं.

"उंदराची गाठ थांबली?" तिनं विचारलं.

"थांबली नाही. वाढायची कमी झाली."

"माह्या फेकाच्या टेकोड्यानं?"

"हो."

तिनं भाकर तव्यावर टाकली. कडेनं पाणी फिरवलं. भाकर उलटली. मग म्हणाली, "तुह्या बापाच्या तोंडाले मी दुसरी लावत होतो." आमच्याकडच्या बाया 'मी लावत होतो' असंच बोलतात.

"माय, हिनंही काही झालं नसतं. ती उंदरं आहेत. आणि त्यांना अर्क काढून, मोजून, सुईनं देतात."

"समजते मले," ती म्हणाली. "म्हनून तं म्हनतो, चांगलं काम आहे. ज्याले येते त्यानं मोजून देवं. आपन त्याले बरोबर माल देऊ."

आठवडाभरात सर स्वतः गावात आले. कोट घातलेला, पायात बूट, आणि बरोबर काखेत मावेल अशी एक लाकडी पेटी. आमच्या ओसरीवर त्यांनी बावीस आणि तेवीस शेजारी ठेवून भिंगातून अर्धा तास पाहिलं. पारावरची सगळी मंडळी आमच्या अंगणात येऊन उभी होती.

शेवटी सर म्हणाले, "मला या दोन वेगळ्या सांगता येत नाहीत. आणि मिसळल्या तर सगळं वाया जाईल. बाई, तुम्ही कशा ओळखता?"

माय दारात उभी होती. ती पुढं आली, खाली बसली, दोन्ही छत्र्या मोडल्या. आतलं दोन्हींचं काथाच्या रंगाचं. मग तिनं कनवटीची तंबाखूची डबी काढली, बोटावर चुना घेतला आणि दोन्ही मोडलेल्या जागी एकेक टिपका लावला. बाविसावर चुना पांढराच राहिला. तेविसावर टिपक्याखालची जागा बघता बघता काळी झाली.

"हे काळी पडते," ती म्हणाली. "बाया तंबाखू खातात, बोटाले चुना राह्यते. उगाळताना काळं दिसलं का समजाचं, हे पोराच्या तोंडाची नोहोय. फेकून द्याची."

सरांनी लाकडी पेटी उघडली, त्यातून एक छोटी बाटली काढली, आणि काचेच्या नळीनं त्या बाटलीतला एकेक थेंब दोन्ही छत्र्यांवर दुसऱ्या जागी टाकला. बावीस जशीच्या तशी. तेवीस काळी.

"हा कॉस्टिक पोटॅश," ते मला म्हणाले, पण ऐकवत होते सगळ्यांना. "या वर्गातल्या छत्र्या ओळखायला परदेशातले शास्त्रज्ञ हाच वापरतात. मी पुस्तकात वाचलं होतं आणि बाटली बरोबर आणली होती. वापरायचं सुचलं नाही. तुझ्या आईनं चुन्यानं केलं." मग ते मायकडे वळले. "बाई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"सासूनं. तिले तिच्या सासूनं शिकवलं असन."

अंगणातल्या म्हाताऱ्यांपैकी एकानं हळूच आपली चुन्याची डबी काढली आणि मोडलेला एक तुकडा मागून घेतला. त्याच्यापाशी गर्दी झाली. त्या दिवशी गावात चुना महाग झाला असेल.

पाच शेर वाळलेला माल म्हणजे ओला बराच लागणार होता, आणि जवळच्या जंगलात मेलेले येन फार नव्हते. आमच्याकडे मासे घ्यायला येणारे एक गोंड म्हातारे होते. दोन कोसांवरच्या पाड्यावर त्यांचं घर. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मायनं त्यांच्याकडे निरोप धाडला. मामा आले, छत्री हातात घेऊन उलटसुलट पाहिली, आणि म्हणाले, "जुन्या कुपात वाळलेले येन उभे आहेत. वाघीन आहे तिकडं, पन पोरावाली आहे, पान्याजवर राह्यते. आपन वरच्या अंगानं जाऊ."

चार दिवस आम्ही जुन्या कुपात जात होतो. वनखात्यानं पूर्वी तोडलेला तो जंगलाचा पट्टा. मामा पुढं, मग माय आणि गावच्या पंधरा-सोळा बाया, शेवटी सर आणि मी. धान घरात आलं होतं, हात मोकळे होते, आणि बायांना हे काम आवडलं होतं. प्रत्येकीच्या कनवटीला चुना. छत्री काढायची, कोपरा मोडायचा, टिपका लावायचा, काळी पडली तर टोपलीत. दुसऱ्या दिवशी सर टोपल्यांतून हाताला येतील तशा छत्र्या काढून बाटलीनं तपासत बसले. संध्याकाळपर्यंत त्यांना एकही चुकीची मिळाली नाही. मग त्यांनी बाटली बंद करून पेटीत ठेवली आणि कोट काढून ते बायांबरोबर छत्र्या काढायला लागले.

घरी तीन ताट्या टांगल्या होत्या. मायनं हात ठेवून राम म्हणायला शेजारणींना शिकवलं. सर थर्मामीटर घेऊन एका ताटीकडून दुसरीकडे जात होते आणि वहीत आकडे लिहीत होते. जेवायला भात आणि मायचे वाळवलेले मासे असायचे. सरांनी पहिल्या दिवशी संकोचानं एक घास घेतला. तिसऱ्या दिवशी ते दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

पाच शेरांऐवजी साडेसहा शेर भरला.

निघायच्या सकाळी सरांनी कॉलेजच्या संग्रहासाठी एका जाड कागदावर तेविसावी छत्री शिवून घेतली आणि खालची चिठ्ठी भरायला बसले. ठिकाण, झाड, ऋतू. मग 'संग्राहक' असा रकाना होता. मला वाटलं तिथं ते माझं नाव लिहितील. खरं सांगतो, मी त्याची वाट बघत होतो. सरांनी मला मायचं पूर्ण नाव विचारलं आणि ते शांतपणे, वळणदार अक्षरात लिहिलं. खाली दुसऱ्या ओळीत माझं.

मी मायला वाचून दाखवलं. तिनं ओलं बोट कागदाला लावायचं टाळलं, लुगड्याला हात पुसला, आणि मग आपल्या नावावरून बोट फिरवलं.

"मताच्या यादीत आहे माह्यं नाव," ती म्हणाली. "पन ते तुह्या बापाच्या मांगं आहे. हे सुटं आहे."

उन्हाळ्यात मुंबईचं उत्तर आलं. दुसऱ्या खेपेच्या मालानंही तेच केलं होतं, पहिल्यापेक्षा ठळक. सरांनी तार केली. आमच्या गावात तोवर तार फक्त कोणी मेल्यावर आलेली, त्यामुळे पोस्टमनला पाहून शेजारणी रडायच्या तयारीनं आल्या आणि गूळ खाऊन गेल्या. पारावरच्या म्हाताऱ्यांनी मला बसायला जागा दिली, आणि उंदीर कसे ठेवतात, त्यांना काय खाऊ घालतात, हे तपशिलानं विचारलं.

त्या अर्कातून पुढं माणसाला देता येईल असं औषध झालं नाही, हे इथंच सांगून टाकतो. अर्कातलं नेमकं द्रव्य वेगळं काढताना काम अडलं आणि त्या काळच्या साधनांनी ते पुढं सरकलं नाही. मी मायला तसं सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "एका फेऱ्यात तलावातले सारे मासे येतात का? जाळं बरोबर जागी पडलं, हे तं समजलं न." आणि जाळं बरोबर जागी पडलं होतं. पुढं कितीतरी वर्षांनी जपानात झाडावरच्या छत्र्यांमधून द्रव्यं काढून ती कॅन्सरच्या रोग्यांना इतर उपचारांच्या जोडीला देऊ लागले, ते मी वाचलं आणि दिवसभर घरात सगळ्यांना सांगत सुटलो. पण तोवर मीही याच कामात पुरता मुरलो होतो. तेविसाव्या डब्यामुळे सरांच्या हाताखाली मला जागा मिळाली आणि आयुष्यभर मी आळंब्यांशिवाय दुसरं काही केलं नाही.

त्या सगळ्या दिवसांत मला सर्वांत जास्त आठवतो तो पुढच्या पावसाळ्यातला एक सकाळचा तास. सरांनी मायला नागपूरला बोलावलं होतं, वर्गाला वाळवण शिकवायला. आधी ती नाही म्हणाली. मग म्हणाली, ताटी माझीच पाहिजे, तिथली चालणार नाही. म्हणून आम्ही ताटी गुंडाळून रेल्वेनं नेली. कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात विटांचा खड्डा रचला, निखारे केले, राख टाकली. बाहेर पाऊस लागला होता. चाळीसेक मुलं आणि तीन मुली दाटीनं उभ्या, मागची बाकांवर चढलेली. माय नवं हिरवं लुगडं नेसून ताटीपाशी बसली होती. तिला समोर बघवत नव्हतं, म्हणून ती निखाऱ्यांकडे बघून बोलत होती.

"पयले पुसून घ्याचे. धुवाचे नाई. मंग पसरवाचे, एकाले एक लागू द्याचा नाई."

पुढच्या एका मुलानं वही उघडून विचारलं, "किती अंश सेंटिग्रेड?"

"ते मले नाई समजत," माय म्हणाली. "इकडं ये. हात ठेव."

मुलगा पुढं आला. त्यानं ताटीवर तळहात धरला.

"वीस डाव राम म्हन."

तो आधी लाजला, मग म्हणू लागला. बारा झाले, पंधरा झाले, मागची मुलं त्याच्याबरोबर म्हणायला लागली. विसाव्याला त्यानं हात काढला. सरांनी शेजारी धरलेला थर्मामीटर उचलून सगळ्यांना दाखवला आणि आकडा वाचला. चव्वेचाळीस.

मुलांनी बाकं वाजवायला सुरुवात केली. व्हरांडा दणाणून गेला. माय दचकली आणि गर्दीत मला शोधू लागली. मी तिच्याजवळ जाऊन वाकलो.

"काय झालं?" तिनं विचारलं. "चुकलं का माह्यं?"

"नाही, माय. त्यांना आवडलं. ते तुझ्यासाठी वाजवून राह्यले."

ती क्षणभर ऐकत राहिली.

"मंग वाजवू दे," ती म्हणाली, आणि चिमटा घेऊन निखाऱ्यांवरची राख सारखी करू लागली.